हा कुत्रा कोणाचा?

चिंचवडमधील पशुवैद्यकांच्या दवाखान्यांत आता मायक्रोचिप हा शब्द नवलाचा राहिलेला नाही. कुत्र्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधोमध, कातडीखाली, तांदळाच्या दाण्याएवढी काचेची कुपी जाड सुईने सोडतात. वरून वाचकयंत्र फिरवले की पडद्यावर पंधरा आकडे उमटतात. तंत्र अलीकडचे आहे, पण त्यामागचा प्रश्न फार जुना: हा प्राणी कोणाचा? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक, अधिक कठोर प्रश्न दडलेला असतो. तो कोणाचाच नसेल, तर त्याचे काय करायचे? आजचा धागा मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

मंडळी, सुरुवात व्याकरणापासून करू. पाणिनीच्या अष्टाध्यायीत सहाव्या अध्यायात एक सूत्र आहे. खूण दाखवणाऱ्या शब्दापुढे ‘कर्ण’ आला, तर आधीच्या शब्दाचा शेवटचा स्वर दीर्घ होतो. ज्याच्या कानावर विळ्याची (दात्राची) खूण, तो ‘दात्राकर्ण’. नियमाला नऊ अपवाद आहेत. त्यांत आठाची खूण, पाचाची खूण, मणी, स्वस्तिक, फाडलेला कान, कापलेला कान, भोक पाडलेला कान अशा खुणा येतात. पुढे काशिकावृत्तीने खुलासा केला, की पशूचा विशिष्ट मालकाशी असलेला संबंध कळावा म्हणून केलेल्या खुणाच येथे अभिप्रेत आहेत. म्हणजे गुराच्या कानावर मालकी नोंदवण्याची रीत इतकी रुळलेली होती, की वैयाकरणाला तिच्यासाठी नियम करावा लागला आणि अपवादही मोजावे लागले! चाकणच्या बाजारात गाई-बैलांच्या कानांत जे पिवळे बिल्ले आणि त्यांवरचे बारा आकडे दिसतात, त्यांचे मूळ शोधायचे तर इतके मागे जावे लागते. १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात अशा बिल्ल्याशिवाय जनावरांच्या खरेदी-विक्रीला मनाई आहे.

कौटिल्याच्या गोऽध्यक्षालाही गुरांचे डाग, जन्मखुणा, रंग, शिंगांमधील अंतर हे सारे वहीत उतरवून ठेवावे लागे. अकबराने मनसबदारांच्या घोड्यांना डाग देण्याची सक्ती केली, कारण हजेरीच्या दिवशी उसने घोडे उभे करण्याची लबाडी सर्रास चाले.

मात्र या साऱ्या खुणा मोलाच्या जनावरांच्या होत्या. कुत्र्याला असे मोल नव्हते. साताऱ्याजवळ संगम माहुलीला शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवतात. त्याने वाघापासून धन्याचे प्राण वाचवले, म्हणून त्याला जहागिरी आणि पालखीचा मान मिळाला, अशी कथा आहे. पण असे भाग्य लाखात एखाद्याचे. बाकीची कुत्री गल्लीची, वेशीवरची, देवळाच्या पायरीवरची. वहीत नाव नाही, पण सगळ्यांच्या ओळखीची. आकुर्डीच्या खंडोबा माळाचे नाव घेताना हेही लक्षात ठेवावे, की खंडोबाच्या मूर्तीसोबत कुत्रा असतो आणि त्याचे वाघ्ये स्वतःला देवाचा कुत्रा म्हणवण्यात कमीपणा मानत नाहीत. मालक नसणे आणि कोणाचेच नसणे या आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

कंपनी सरकारला हा भेद कळला नाही, आणि त्यातून मुंबईतील एक विलक्षण दंगल घडली.

पिसाळलेल्या कुत्र्यांचे भय खरे होते. त्या काळी त्या रोगावर उपाय नव्हता. पाश्चरची लस १८८५ मध्ये आली. मुंबईत उन्हाळ्यात १५ एप्रिल ते १५ मे आणि पुढे १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात बेवारस कुत्री मारण्याचा नियम होता. १८३२ साली उन्हाळ्याची मुदत १५ जूनपर्यंत वाढवली गेली. प्रत्येक कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. सारी गोम या आठ आण्यांत आहे. कुत्रा बेवारस की पाळलेला, हे ठरवणार कोण? ज्याच्या हातात सोटा, तोच. मेलेल्या कुत्र्याला मालक होता की नव्हता, हे आठ आणे घेणाऱ्याला कोणी विचारत नव्हते. तेव्हा लोकांच्या घरादारांतून, आवारांतून कुत्री ओढून मारली जात असल्याच्या तक्रारी वाढल्या.

पारशी समाजाला हे असह्य झाले. झरतुष्ट्री धर्मात कुत्रा पवित्र आहे. मृत्यूनंतर प्रेतावर कुत्र्याची नजर पडावी लागते. या विधीला ‘सगदीद’ म्हणतात. त्यासाठी डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणजे ‘चार डोळ्यांचा’ कुत्रा उत्तम मानतात. ६ जून १८३२ रोजी, पारशांच्या एका पवित्र दिवशीच, कुत्री मारणाऱ्या शिपायांवर जमाव चालून गेला. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, बाजार थंडावला. हिंदू, जैन आणि इस्माइली मुसलमानही या बंदात उतरले. कुलाब्याच्या लष्करी छावणीचा रोजचा रसदपुरवठा तोडण्यात आला. सरकारने दंगलविरोधी कायदा वाचून दाखवला, सैन्य बोलावले, धरपकड केली. अखेरीस कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडण्याचा तोडगा निघाला. शहरातील अगदी सुरुवातीच्या सार्वत्रिक बंदांपैकी एक कुत्र्यांसाठी झाला, हे शाळेच्या पुस्तकात का येत नाही, कोण जाणे.

पुढच्या कायद्यांनी वाद मिटवण्यासाठी वेगळी वाट धरली. मालकी ओळखण्याचा भार त्यांनी कुत्र्याच्या गळ्यावर टाकला. १९२४ च्या छावणी कायद्याने छावणी मंडळांना कुत्र्यांच्या नोंदणीचे उपविधी करण्याचा अधिकार दिला. नोंदलेल्या कुत्र्याच्या पट्ट्याला मंडळाने दिलेला धातूचा बिल्ला हवा. बिल्ला नसेल तर कुत्रा अडकवून ठेवायचा, आणि मुदतीत कोणी सोडवायला आले नाही तर त्याची विल्हेवाट लावायची. चिंचवडच्या एका अंगाला खडकीची छावणी आहे आणि दुसऱ्या अंगाला देहूरोडची. म्हणजे गाव आणि छावणी यांच्या सीमेवरून पलीकडे गेलेल्या कुत्र्याची कायद्यातली ओळखच बदलत असे.

१९५१ चा मुंबई पोलीस कायदा, आजचा महाराष्ट्र पोलीस कायदा, याचे ४४ वे कलम तर मुळातून वाचावे असे आहे. जाहीर सूचना काढून भटकी कुत्री मारता येतील. रस्त्यावर मोकळ्या कुत्र्याला मुसके बांधण्याची सक्ती करता येईल, आणि मुसके नसलेले कुत्रे पोलिसांना मारता येईल. मात्र गळ्यातल्या पट्ट्यावर मालकाचे नाव आणि पत्ता कोरलेला असेल, तर त्याला लगेच मारता येणार नाही. आधी मालकाला टपालाने किंवा अन्य मार्गाने कळवावे लागेल. जीव वाचवायला दोन ओळींचा पत्ता पुरत होता, पण तो पत्ता ज्याला असेल त्याचाच.

४ मार्च १९७० रोजी पिंपरी, चिंचवड, भोसरी आणि आकुर्डी ही गावे एकत्र करून नगरपालिका झाली, ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका. कारखान्यांमागोमाग माणसे आली, वाड्यांच्या जागी सोसायट्या उभ्या राहिल्या. पाळीव कुत्र्यासाठी महापालिकेचा परवाना घ्यावा लागतो आणि त्यासाठी रेबीजच्या लसीचा दाखला जोडावा लागतो.

आता त्या काचेच्या कुपीकडे वळू. तिच्यात विजेरी नसते. वाचकयंत्राच्या लहरींतून क्षणभर ऊर्जा घेऊन ती आपला क्रमांक सांगते आणि पुन्हा निपचित पडते. १३४.२ किलोहर्ट्झ ही तिची आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार ठरलेली लहर. पंधरा आकड्यांतले पहिले तीन देशाचे किंवा कंपनीचे. भारताचा संकेतांक ३५६. हरवलेला कुत्रा कुठे आहे, हे ती सांगू शकत नाही. मालकाचे नावही तिच्यात नसते. ते नोंदवहीत असते, आणि नोंद केलीच नसेल किंवा घर बदलल्यावर दुरुस्त केली नसेल, तर ते पंधरा आकडे निव्वळ आकडे राहतात. पट्ट्यावरचा पत्ता कोणालाही वाचता येत होता. या आकड्यांना यंत्र लागते आणि वहीही. पट्टा मात्र तुटतो, काढताही येतो. इंग्लंडमध्ये कुत्र्यांना चिप ६ एप्रिल २०१६ पासून सक्तीची झाली. गंमत अशी, की तिथला जुना कागदी परवाना १९८० च्या दशकातच निरुपयोगी ठरवून मोडीत काढला होता.

आणि ज्यांना मालक नाही, त्यांचे? २००१ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी कुत्र्यांचे पाळीव आणि रस्त्यावरचे असे दोन वर्ग केले. रस्त्यावरच्या कुत्र्याला पकडायचे, निर्बीजीकरण व लसीकरण करायचे आणि जिथून उचलले तिथेच सोडायचे. त्याला डाग देण्यास नियमांनी स्पष्ट मनाई केली. ओळखीसाठी कान कापावा किंवा गोंदावा, असे सांगितले. मार्च २०२३ च्या नव्या नियमांत तर त्यांना ‘सामुदायिक प्राणी’ म्हटले आहे. १८३२ मध्ये कंपनीच्या शिपायाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगणे कठीण गेले असते.

चिंचवडच्या एखाद्या चहाच्या टपरीपाशी पहुडलेल्या कुत्र्याच्या कानाचा तुकडा कापलेला दिसला, तर त्याची शस्त्रक्रिया झाली आहे असे समजावे. अशा कानासाठी पाणिनीच्या त्या अपवादांच्या यादीत शब्द तयारच आहे: छिन्नकर्ण. तिथे तो मालक सांगणारा होता.