‘पुस्तक कुठलं?’ याआधी विचारा ‘साल कुठलं?’

परवा एका विद्यार्थ्यानं मला विचारलं, “दादा, जावाच्या सर्टिफिकेशनला कुठलं पुस्तक घेऊ?” मी उलट विचारलं, “कितव्या जावाची परीक्षा देतोयस?” त्याला वाटलं मी उत्तर टाळतोय. खरं तर मी टाळत नव्हतो. हा उलटा प्रश्न मी फी भरून शिकलोय.

२०१४ सालची गोष्ट. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. जुन्या पुस्तकांच्या दुकानात जावा ६ चं एक जाडजूड गाईड निम्म्याहून कमी किमतीत मिळालं. परीक्षा होती जावा ७ ची, म्हणजे १झेड०-८०३. म्हटलं, एका आकड्याचा तर फरक! त्या गाईडमधल्या थ्रेड्सवर मी तीन आठवडे घासले. आणि त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात थ्रेड्स नव्हतेच. ते पुढच्या पायरीच्या परीक्षेत गेले होते. उलट जावा ७ मध्ये जे नवीन आलं होतं, त्याचा माझ्या गाईडमध्ये पत्ताच नव्हता. थोडक्यात हुकलो. आईनं दिलेले पैसे गेले. पुस्तक वाईट नव्हतं. माझी चूक अशी की त्याचं साल मी पाहिलंच नाही.

आज मी संगणक-शिक्षणाच्या इतिहासावर पीएच.डी. करतोय आणि तेच गाईड माझ्या टेबलावर आहे. परीक्षेसाठी निरुपयोगी ठरलेलं पुस्तक संशोधनासाठी उत्तम साधन निघालं. हे कसं घडतं, ते आज सांगतो.

एक प्रश्न, तीन बरोबर उत्तरं

प्रश्न साधा आहे : जावाच्या ‘स्विच’मध्ये कुठल्या प्रकारची किंमत चालते?

२००२ साली जावा १.४ आली तेव्हाचं उत्तर होतं : बाइट, शॉर्ट, कॅरॅक्टर आणि इंट. बस. २००४ मध्ये जावा ५ आली आणि यादीत ‘ईनम’ आणि इंटिजरसारखे रॅपर आले. २०११ मध्ये जावा ७ आली आणि स्ट्रिंगही चालू लागली. म्हणजे “स्विचला स्ट्रिंग दिली तर कंपाइल एरर येईल” हे वाक्य २०१० च्या पुस्तकात बरोबर आहे आणि २०१२ च्या परीक्षेत चूक आहे. कुणीही खोटं लिहिलेलं नाही. प्रत्येक वाक्याला फक्त आपापली तारीख आहे.

‘असर्ट’ हा शब्द घ्या. जावा १.४ च्या आधी ते व्हेरिएबलचं नाव म्हणून बिनधास्त वापरता यायचं. १.४ पासून तो भाषेचा राखीव शब्द झाला. ‘ईनम’चं तसंच जावा ५ मध्ये झालं. जुन्या पुस्तकातला चालणारा प्रोग्रॅम नव्या कंपायलरवर अडला, तर लेखकाला शिव्या देण्याआधी हे आठवा.

अभ्यासक्रमाची यादी म्हणजे मूळ साधन

इतिहासात आपण प्राथमिक साधन आणि दुय्यम साधन असा फरक करतो. इथे परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं प्रसिद्ध केलेली उद्दिष्टांची यादी हे प्राथमिक साधन. गाईड हे दुय्यम, कारण ते त्या यादीवरचं भाष्य असतं. बहुतेक विद्यार्थी भाष्य आधी विकत घेतात आणि मूळ कधी उघडतच नाहीत.

आता या याद्या एकाखाली एक ठेवून बघा. जावा ज्या सन कंपनीची होती, तिची जावा २ ची परीक्षा ३१०-०२५ क्रमांकाची. तिच्यात खिडक्या-बटणं काढायचं ‘एडब्ल्यूटी’ होतं, फाइल वाचणं-लिहिणं होतं. जावा १.४ च्या ३१०-०३५ मध्ये ही दोन्ही प्रकरणं गेली. जावा ५ च्या ३१०-०५५ मध्ये फाइलींचं काम परत आलं, पण बिट सरकवणारे ऑपरेटर गळाले. पुढे जावा ६ ची ३१०-०६५ आली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलनं सन विकत घेतली आणि त्या परीक्षेचा क्रमांकही बदलून १झेड०-८५१ झाला. नंतर जावा ७ पासून एका परीक्षेच्या दोन पायऱ्या झाल्या.

परीक्षार्थीला यातून कळतं की काय वाचायचं आणि काय सोडायचं. संशोधकाला आणखी एक गोष्ट दिसते. “चांगला प्रोग्रॅमर कुणाला म्हणायचं?” या प्रश्नाचं उत्तर दर तीन-चार वर्षांनी बदलत होतं, आणि त्याचा लेखी पुरावा या याद्यांमध्ये आहे. काय आत आलं यापेक्षा काय गुपचूप बाहेर गेलं, हे जास्त बोलकं असतं.

लेखक कुठे उभा आहे?

त्या काळात दोन पुस्तकांचं नाव हमखास निघायचं. एक खालिद मुघल आणि रोल्फ रासमुसेन यांचं. मुघल नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठात शिकवायचे. त्यामुळे पुस्तक शिस्तीचं, भाषेचा नियम नीट मांडून पुढे जाणारं. दुसरं कॅथी सिएरा आणि बर्ट बेट्स यांचं, गप्पा मारत शिकवणारं. सिएरा सनच्या परीक्षा तयार करण्याच्या कामातही होत्या.

कुठलं चांगलं? तुम्हाला काय हवंय त्यावर ठरतं. परीक्षेच्या जवळ उभा असलेला लेखक सापळे अचूक दाखवतो, पण त्याचं पुस्तक त्या एका परीक्षेला बांधलेलं असतं. भाषेच्या बाजूनं लिहिणाऱ्याचं पुस्तक वाचायला जड, पण जास्त वर्षं टिकतं. बखर आणि दफ्तर वाचताना आपण हाच प्रश्न विचारतो ना : लिहिणारा घटनेच्या किती जवळ होता, आणि कुणासाठी लिहीत होता?

आपल्याकडची ‘सी’

हे फक्त जावापुरतं नाही. तुमच्यापैकी अनेकांनी कॉलेजच्या लॅबमध्ये निळ्या पडद्याच्या टर्बो सीवर हात बसवला असेल. ‘व्हॉइड मेन’, ‘कोनियो डॉट एच’, ‘सीएलआरएससीआर’, आणि “इंट दोन बाइटचा असतो” हे पाठ. टर्बो सी हा बोरलँडचा १९८७ सालचा, डॉसच्या जमान्यातला कंपायलर. तिथे इंट दोन बाइटचाच होता. पण हा ‘सी’ भाषेचा नियम नाही, त्या कंपायलरची सवय आहे. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर तो चार बाइटचा भरतो. ‘सी’चं पहिलं प्रमाणक १९८९ चं, पुढचं १९९९ चं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’च्या तर कितीतरी आवृत्त्या निघाल्या. म्हणून “लेट अस सी वाचलंय” एवढं सांगून भागत नाही, कितवी आवृत्ती ते सांगावं लागतं.

डम्पचं काय?

फुटलेल्या प्रश्नांच्या पीडीएफ फिरत असतात, त्यांना डम्प म्हणतात. नैतिकतेचा भाग आहेच. प्रश्न बाहेर सांगणार नाही असा करार परीक्षार्थी करतो आणि तो मोडला तर सर्टिफिकेट जाऊ शकतं. पण संशोधक म्हणूनही बघा : लेखक माहीत नाही, तारीख नाही, उत्तर कुणी ठरवलं ते माहीत नाही. असा कागद दफ्तरात सापडला तर त्यावर तुम्ही प्रबंध उभा कराल?

मग निवडायचं कसं?

आधी परीक्षेचा क्रमांक आणि ती अजून चालू आहे का, हे अधिकृत पानावर बघा. उद्दिष्टांची यादी छापून घ्या. मग पुस्तकाचं मुखपृष्ठ सोडा आणि आतलं आवृत्तीचं पान उघडा : साल, भाषेची आवृत्ती, परीक्षेचा क्रमांक. तिन्ही जुळले तरच पुढे जा. नंतर अनुक्रमणिका यादीशेजारी ठेवून खुणा करा. शंका आली की प्रोग्रॅम स्वतः चालवून बघा, त्याच आवृत्तीवर. एक मुख्य पुस्तक पुरे. त्याच्या जोडीला भाषेचा अधिकृत दस्तऐवज आणि त्याच आवृत्तीचे सराव प्रश्न ठेवा.

नेट-सेटवाल्यांनो, तुम्हालाही हेच लागू. जुलै २०१८ पासून नेटचा तिसरा पेपर गेला. तरी जुन्या बाजारात तिसऱ्या पेपरची गाईडं बघितली की मला माझे तीन आठवडे आठवतात.

या आठवड्यात एवढं करा : तुमच्या विषयाच्या एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या ग्रंथालयातून काढा आणि फक्त अनुक्रमणिका ताडून बघा. काय गळालं, काय आलं, कुठल्या साली. त्याखाली एक ओळ लिहा : “हे का झालं असेल?” तिथून तुमच्या संशोधनाचा प्रश्न सुरू होऊ शकतो. माझा तिथूनच झाला.