एक बेरीज, आणि तिचा ताळा

महिना संपला की आपल्यापैकी निम्म्या लोकांचं काम एकच असतं. सिस्टिममधून डंप काढायचा, एक्सेलमध्ये टाकायचा, पिव्होट लावायचा. विभाग रोमध्ये, महिने कॉलममध्ये, रक्कम मधोमध. मग रंगरंगोटी, मग साहेबांना मेल. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच! तिसऱ्या-चौथ्या खेपेला कोणीतरी शहाणा ‘रेकॉर्ड मॅक्रो’चं बटण दाबतो आणि दीड तासाचं काम दीड मिनिटात व्हायला लागतं.

तांत्रिकदृष्ट्या या सगळ्याचं वय फार नाही. १९८३ च्या लोटस १-२-३ मध्ये मॅक्रो होते. त्याच लोटस कंपनीत पिटो सालास याने डेटा पाहिजे त्या बाजूने फिरवून बघायची कल्पना मांडली आणि १९९१ मध्ये त्यातून ‘इम्प्रूव्ह’ हे सॉफ्टवेअर आलं. मग १९९३ च्या एक्सेल ५ मध्ये पिव्होट टेबल आणि व्हीबीए ही जोडगोळी एकाच वेळी अवतरली. ती आजतागायत आपल्या मानगुटीवर आहे :)

पण मंडळी, ही झाली हत्याराची गोष्ट. काम त्याहून कितीतरी जुनं आहे, आणि त्याचा एक धागा माझ्या गावातून जातो.

छत्रपती संभाजीनगरहून (२०२३ पर्यंत औरंगाबाद) वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला लागतो. तेराव्या शतकात इथल्या यादवांच्या, म्हणजे महादेव आणि रामचंद्र या राजांच्या पदरी हेमाद्री उर्फ हेमाडपंत ‘श्रीकरणाधिप’ होता. सोप्या भाषेत, राज्याच्या दफ्तराचा प्रमुख. हेमाडपंती देवळं सगळ्यांना माहीत असतात, पण परंपरेने त्याच्या नावावर आणखी एक गोष्ट आहे: मेस्तक. कोणाला कोणत्या मायन्याने लिहायचं, हिशेब कसा मांडायचा, याच्या नियमांची ती वही. कारकून बदलला तरी कागद तसाच निघाला पाहिजे, ही त्यामागची खटपट. आपण मॅक्रो लिहितो ते तरी दुसरं कशासाठी?

पिव्होटसाठीही मराठीत शब्द आधीपासून आहेत. रोजच्या रोज, घडेल तशी नोंद म्हणजे कीर्द. तीच नोंद खात्याखात्यांत वाटून लिहिली की खतावणी. खतावणीचा गोषवारा म्हणजे तेरीज. कीर्द हा आपला डंप. त्यावर ‘ग्रुप बाय’ मारलं की खतावणी, आणि पिव्होटच्या शेवटच्या रोमध्ये जे दिसतं ती तेरीज. फक्त हे सगळं बोरूने लिहायचं.

या कामाचा सर्वात मोठा कारखाना पेशव्यांच्या पुण्यात होता. हुजूर दफ्तराचे अनेक विभाग होते, त्यातली दोन नावं वाचून मी खुर्चीतच ताठ बसलो. एक ‘चालते दफ्तर’ आणि दुसरं ‘एक बेरीज दफ्तर’. रोजचे व्यवहार पहिल्यात. दुसऱ्यात सगळीकडचे हिशेब गोळा व्हायचे, त्यांची वर्गवारी व्हायची आणि जमा, खर्च, शिल्लक एका नजरेत दिसेल असे गोषवारे तयार व्हायचे. ट्रान्झॅक्शन टेबल वेगळं आणि रिपोर्टिंग वेगळं, हे आपल्याला कॉलेजात शिकवलेलं तत्त्व तिथे अठराव्या शतकात राबत होतं!

नाना फडणविसांच्या काळात हे दफ्तर नीट चालत होतं. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात त्याची आबाळ झाली. माणसं कमी झाली, कागद लोकांनी बाहेर नेले. १८१८ मध्ये राज्यच गेलं. उरलेलं दफ्तर आजही पुण्यात आहे. गो. स. सरदेसाईंनी १९३० ते १९३४ या काळात त्यातल्या निवडक कागदांचे ४५ खंड काढले. पण कागद मोडीत, आणि मोडी वाचणारे आज थोडे. डेटा शाबूत, तो उघडणारं सॉफ्टवेअर मात्र दुर्मिळ, अशी गत.

आता मुद्द्यावर येतो. बेरीज करणारा आणि ती तपासणारा, यांचं नातं काय?

१६५० च्या दशकात औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना मुर्शिद कुली खान हा त्याचा दिवाण होता. उजाड पडलेल्या दख्खनची महसूल व्यवस्था त्याने पुन्हा बसवली. कुठे नांगरामागे ठरावीक रक्कम, कुठे पिकाची वाटणी, कुठे जमिनीची मोजणी. त्याच्याबद्दल इतिहासकार सांगतात की मोजणी बरोबर व्हावी म्हणून हा गृहस्थ कधीकधी मोजणीच्या दोरीचं टोक स्वतःच्या हातात धरायचा. दिवाणाला बसल्या जागी बेरीज मिळत असताना तो शेतात जाऊन पहिली नोंद तपासत होता.

जिथे अशी तपासणी नसते तिथे काय होतं? महात्मा फुल्यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये कुलकर्ण्यांच्या लेखणीवर कोरडे ओढले, ते उगाच नाही. कागद ज्याला वाचता येत नाही, त्याला हिशेबाची चूक दाखवता येत नाही. आणि दाखवता येत नसेल तर ती चूक आहे की लबाडी, हेही कळत नाही.

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर आजचा तलाठी (२०२४ पासून ‘ग्राम महसूल अधिकारी’) घ्या. त्याच्याकडे १ ते २१ असे गाव नमुने असतात. नमुना १२ मध्ये कोणत्या शेतात कोणतं पीक किती, ते असतं. त्यावरून गावात कापूस एकूण किती, मका किती हा पीक गोषवारा बनतो, तो नमुना ११. नमुना ७ मध्ये शेतानुसार मालक, तर ८-अ मध्ये मालकानुसार शेतं. तीच माहिती, दुसऱ्या अंगाने फिरवलेली. पिव्होटच हे! ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवरून करू लागला. त्या एका नोंदीवर पुढे सरकारी खरेदी, नुकसानभरपाई अशा अनेक गोष्टी अडतात. जी नोंद बेरजेत आलीच नाही, तिच्यामागचा माणूस गोषवाऱ्यात दिसत नाही. आणि गोषवारा बघून कोणाला कळतही नाही की एक माणूस कमी आहे.

आपला रेकॉर्ड केलेला मॅक्रो नेमकं हेच करतो. रेकॉर्डर भाबडा आहे. डेटा रो १ ते ५४२ मध्ये होता ना, मग तो पत्ता तसाच लिहून ठेवतो. पुढच्या महिन्यात ६१० रो आल्या तर शेवटच्या ६८ गळतात. एक्सेल चकार शब्द काढत नाही. एरर आली असती तर बरं झालं असतं, पण इथे छान रंगवलेला, चुकीचा तक्ता मिळतो. दुसरी गंमत म्हणजे पिव्होट मूळ डेटावर चालत नाही, डेटाच्या साठवून ठेवलेल्या प्रतीवर चालतो. रिफ्रेश केलं नाही तर खाली आकडे बदलले तरी वर जुनंच चित्र. आणि हा मॅक्रो ज्याने केला तो एव्हाना नोकरी बदलून हिंजवडीला गेलेला असतो. कोड वाचणारं मागे कोणीच नाही. मोडीच ती!

इलाज अवघड नाहीत. मूळ डेटाचं टेबल करा (कंट्रोल-टी) आणि मॅक्रोत पत्त्याऐवजी त्या टेबलाचं नाव द्या, म्हणजे रो वाढल्या की तेही वाढतं. पिव्होट बनल्यावर रिफ्रेशची ओळ टाका. कोडच्या वर चार ओळी मराठीत लिहा की हे काय करतं आणि का. तेच तुमचं मेस्तक.

आणि शेवटी ताळा. शाळेत वजाबाकी झाली की गुरुजी म्हणायचे, ‘ताळा करून बघ.’ ताळेबंद हा शब्दही आपल्याकडे आहे. मॅक्रोच्या शेवटी मूळ टेबलाची थेट बेरीज आणि पिव्होटची एकूण बेरीज शेजारी-शेजारी दोन सेलमध्ये आणा. जुळली नाही तर सेल लाल करा आणि मेल जाऊच देऊ नका. नोंदींची संख्याही तशीच ताडून बघा, कारण रक्कम योगायोगाने जुळू शकते.

ही जेमतेम दहा ओळींची भर आहे. रेकॉर्डर ती आपणहून लिहून देत नाही, कारण आपण बेरीज करताना तो बघतो, पण तपासताना आपण त्याला कधी दिसतच नाही.