संशोधनाचा खर्च कोणी उचलला?

गेल्या वर्षी नववीच्या वर्गावर इतिहासाचा तास चालू असताना एका विद्यार्थ्याने मला विचारले, "सर, डॉक्टर रोग्याकडून फी घेतो, दुकानदार गिऱ्हाइकाकडून पैसे घेतो. मग संशोधन करणाऱ्याला पैसे कोण देतो? त्याचे गिऱ्हाईक कोण?" वर्ग हसला. मीही हसलो. परंतु उत्तर देताना माझी अडचण झाली, हे येथे कबूल केले पाहिजे. "सरकार देते," एवढे सांगून मी वेळ मारून नेली. घरी आल्यावर मात्र ते उत्तर मनाला पटेना. ते खोटे नव्हते, पण अर्धेच होते. राहिलेले अर्धे उत्तर त्या विद्यार्थ्याला आणि त्याच्या पालकांना या स्मरणिकेच्या निमित्ताने द्यावे, असे मी ठरविले.

वाचकहो, आपले पैठण हे विद्येचे गाव आहे. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान ती हीच. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' नावाच्या ग्रीक ग्रंथात, भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर असलेली मोठी बाजारपेठ म्हणून पैठणचा उल्लेख आहे. पुढे धर्मशास्त्राच्या निर्णयासाठी लांबलांबचे लोक येथील पंडितांकडे येत असत. आता या विद्वानांची चूल कशावर पेटत होती? राजांनी दिलेल्या इनाम जमिनींवर आणि श्रीमंतांच्या दक्षिणेवर. मदरसे आणि खानकाह यांची व्यवस्थाही याच धर्तीची होती. वक्फ म्हणजे काय, हे आपणांस निराळे सांगावयास नको. मूळ मालमत्तेला हात लावावयाचा नाही, तिच्या उत्पन्नावर सत्कार्य चालवावयाचे. विद्येला आश्रय लागतो आणि तो आश्रय एका वर्षापुरता असून चालत नाही, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना चांगली ठाऊक होती.

आधुनिक काळात मात्र ज्ञानाचा खर्च वाढला. प्रयोगशाळा, ग्रंथालय, छपाई आणि पगारी संशोधक यांचा भार एकट्या दात्याला पेलेना, आणि परके सरकार आपण होऊन पुढे येईना. त्यातून एक नवी रीत निघाली. दात्याने आरंभ करावयाचा, संस्थानिकाने आपला वाटा टाकावयाचा आणि सरकारने दरसालचे अनुदान द्यावयाचे. या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या चार संस्थांची हकीकत आपण पाहू.

पहिली संस्था पुण्याची. थोर संस्कृत पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ८० व्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या शिष्यांनी व चाहत्यांनी 'भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर' स्थापन केले. इमारतीसाठी टाटा घराण्याने देणगी दिली. मुंबई सरकारने १८६६ पासून गोळा केलेली हजारो हस्तलिखिते डेक्कन कॉलेजात होती. ती १९१८ साली सरकारने या नव्या संस्थेच्या स्वाधीन केली आणि त्यांच्या सांभाळासाठी वार्षिक अनुदानही दिले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सरकारजवळ रोख पैशापेक्षा मोलाची वस्तू होती, ती म्हणजे हस्तलिखिते, आणि तीच त्याने दिली.

१९१९ साली संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे काम हाती घेतले. देशभरातील जुन्या पोथ्या मिळवावयाच्या, त्या ओळीस ओळ लावून ताडून पाहावयाच्या आणि सर्वांत जुना पाठ कोणता ते ठरवावयाचे, असे हे काम होते. औंधचे राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यासाठी एक लाख रुपये देण्याचे वचन दिले. १,२५९ हस्तलिखिते तपासली गेली. डॉ. विष्णू सीताराम सुखठणकर यांनी १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत प्रमुख संपादक म्हणून हे काम वाहिले. त्यांच्यानंतर डॉ. बेलवलकर व डॉ. प. ल. वैद्य यांनी ते पुढे नेले. १९६६ साली, म्हणजे ४७ वर्षांनी, ते पुरे झाले आणि राष्ट्रपती डॉ. राधाकृष्णन यांच्या उपस्थितीत तसे जाहीर करण्यात आले.

या कामाचा आपल्या पैठणशी काय संबंध, असे आपण विचाराल. संबंध आहे. संस्थेने मदतीसाठी अनेक संस्थानिकांना विनंती केली होती. हैदराबादचे निझाम मीर उस्मान अली खान यांनी महाभारताच्या प्रकाशनासाठी दरसाल १,००० रुपये, असे ११ वर्षे देण्याचे फर्मान काढले आणि अतिथिगृहासाठी वेगळी रक्कम दिली. संस्थेच्या आवारातील ती इमारत 'निझाम गेस्ट हाऊस' याच नावाने ओळखली जाते. त्या काळी पैठण हा हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद जिल्ह्याचा तालुका होता. राजाचा खजिना म्हणजे शेवटी रयतेचा सारा. तेव्हा गोदाकाठच्या हिंदू-मुसलमान कुणब्याने, विणकराने भरलेल्या साऱ्याचा एखादा पैसा पुण्याच्या त्या पोथ्यांपर्यंत पोहोचला, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

परंतु येथे एक प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. ज्या रयतेच्या पुष्कळ गावांत शाळाच नव्हती, तिचा पैसा असा दूर का जावा? हा प्रश्न गैरवाजवी नाही. हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात विलीन झाले आणि मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते त्यानंतर दहा वर्षांनी, १९५८ साली. दुसऱ्या बाजूस, त्याच संस्थानाच्या पुराणवस्तू खात्याचे प्रमुख गुलाम यझदानी यांनी अजिंठ्याच्या चित्रांवर चार भागांचा ग्रंथ सिद्ध केला आणि १९३७ साली त्या खात्याने पैठणला उत्खनन केले, हेही विसरता येत नाही. विद्येवर झालेला खर्च वाया जात नाही. पण त्याचा लाभ आपल्या लेकरांपर्यंत पोहोचतो की नाही, हे पाहणे हेही लोकांचे काम आहे.

दुसरी संस्था बंगलोरची. पण तिचा पैसा मुंबईचा. जमशेदजी टाटा यांनी १८९८ साली आपल्या मालमत्तेपैकी सुमारे ३० लाख रुपये किमतीच्या मुंबईतील इमारती व जमिनी विज्ञान-संशोधनासाठी देऊ केल्या. त्यांचे वार्षिक उत्पन्न सव्वा लाख रुपये होते. ही कल्पना आपल्या वक्फच्या किती जवळची आहे, ते पाहावे. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांना मात्र शंका आली. एवढे शिकून या मुलांना नोकऱ्या कोठे मिळणार, असे त्यांचे म्हणणे. चौकश्या झाल्या, अहवाल झाले, वर्षे गेली. १९०४ साली जमशेदजींचे निधन झाले. त्यांच्या मुलांनी वचन मोडले नाही. म्हैसूर दरबाराने ३७१ एकर जमीन, बांधकामासाठी पाच लाख रुपये आणि दरसाल ५०,००० रुपये देण्याचे मान्य केले. हिंदुस्थान सरकारने वार्षिक अनुदान कबूल केले. १९०९ साली 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स' कायदेशीरपणे अस्तित्वात आली आणि १९११ साली पहिले विद्यार्थी आले. ज्याने पहिला रुपया टाकला, त्याला तिची एक वीटही पाहावयास मिळाली नाही.

तिसरी संस्था मुंबईची 'रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स'. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सिडनहॅम यांनी कल्पना मांडली आणि १९११ साली पायाभरणी झाली. इमारत पुरी व्हावयास १९२० साल उजाडले. सरकारबरोबर ज्या चार दात्यांनी आपल्या थैल्या मोकळ्या केल्या, त्यांची नावे वाचण्यासारखी आहेत. सर कावसजी जहांगीर हे पारशी, सर जेकब ससून हे यहुदी, वसनजी त्रिकमजी मुळजी हे कच्छी व्यापारी आणि सर करीमभाई इब्राहिम हे खोजा मुसलमान गिरणीमालक. चार घरांचा पैसा एका प्रयोगशाळेत गेला आणि तेथे शिकणाऱ्याला त्याची जात कोणी विचारली नाही.

याच संस्थेत विलायतेला जाण्यापूर्वी होमी भाभा नावाचा एक तरुण शिकत होता. पुढे महायुद्धाच्या काळात हेच डॉ. भाभा बंगलोरच्या त्या टाटांच्या संस्थेत प्राध्यापक झाले. तेथून १२ मार्च १९४४ रोजी त्यांनी सर दोराबजी टाटा ट्रस्टला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी नवी संस्था काढण्याची योजना मांडली. अशा रीतीने १९४५ साली चौथी संस्था जन्मास आली, 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च'. तिच्या आरंभीच्या वार्षिक खर्चाचा हिशेब विद्यार्थ्यांनी पाटीवर मांडून पाहावा. ट्रस्टचे ४५,००० रुपये, मुंबई सरकारचे २५,००० आणि केंद्राच्या वैज्ञानिक संशोधन मंडळाचे १०,०००. एकूण ८०,००० रुपये. आज या रकमेत एखादे साधे यंत्रही येणार नाही. पण भारताच्या अणुसंशोधनाची मुहूर्तमेढ तिच्यावर रोवली गेली. पुढे सरकारचा वाटा वाढत गेला, १९५५-५६ च्या सुमारास केंद्र सरकार, मुंबई सरकार व ट्रस्ट यांच्यात त्रिपक्षीय करार झाला आणि मुख्य भार केंद्राने उचलला. विरजण चमचाभरच असते, दही मात्र दुधाचेच होते. येथे विरजण दात्याचे होते आणि दूध सरकारचे.

या चार हकीकतींवरून काय दिसते? पहिली गोष्ट, प्रत्येकाने आपल्याजवळ जे होते ते दिले. कोणी रोख रक्कम, कोणी जमीन, कोणी पोथ्या, तर सुखठणकरांसारख्यांनी आपले उभे आयुष्य. दुसरी गोष्ट, खरी कसोटी इमारतीची नसून दरसालच्या खर्चाची आहे. कोनशिलेवर नाव कोरण्यासाठी दाते मिळतात, पण दहाव्या वर्षी ग्रंथपालाचा पगार देणारा विरळा. तिसरी गोष्ट, पैसे देणाऱ्याने उत्तर काय यावे हे सांगावयाचे नसते. महाभारताच्या संपादकांनी कित्येक लोकप्रिय श्लोक, जुन्या पोथ्यांचा आधार मिळाला नाही म्हणून, मूळ पाठातून काढून तळटीपांत व परिशिष्टांत घातले. भागीदारी खर्चात असावी, निष्कर्षात नसावी.

हा विषय जुना झालेला नाही. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा केला. त्यावेळी पाच वर्षांत ५०,००० कोटी रुपयांचा अंदाज मांडण्यात आला आणि त्यांपैकी ३६,००० कोटी उद्योग, दाते व इतर बिगरसरकारी मार्गांनी यावेत अशी अपेक्षा ठेवण्यात आली. म्हणजे जमशेदजींच्या वेळचा प्रश्न आज देशापुढे मोठ्या आकड्यांत उभा आहे.

पालकबंधू-भगिनींनो, आता थोडे घरचे बोलतो. काही वर्षांपूर्वी माझ्या ओळखीच्या एका कुटुंबात एक जुनी पेटी असल्याचे मला समजले होते. तीत फारसी व मोडी कागद होते. बहुधा सनदा व जमिनीचे हिशेब असावेत. "सुट्टीत येऊन पाहीन," असे मी म्हणालो. दिवाळीची सुट्टी गेली, उन्हाळ्याची गेली. घर पाडावयास काढले तेव्हा मी धावत गेलो, तर कागद रद्दीत वजनावर विकले गेले होते. घरच्या वडीलधाऱ्यांनी उलट माझीच समजूत घातली, "मास्तर, वाचता कोणाला येत होते?" दोष त्यांचा नाही, माझा आहे. त्या पेटीत काय होते, हे आता कोणालाही कळणार नाही.

फारसी वाचता येणारे गेले म्हणून हात जोडून बसावयाचे कारण नाही. पुण्याच्या ग. ह. खरे यांनी फारसी शिकून मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने संपादित केली. आपल्या मराठवाड्यातील निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांनी फारसी व उर्दू ग्रंथ मराठीत आणले. मग ज्यांच्या घरांत हे कागद आहेत, त्यांच्या मुलांना ही विद्या का येऊ नये?

आपल्या संस्थेने एक लोखंडी कपाट व एक खोली द्यावी. पालकांनी घरातील जुने कागद नकलेपुरते द्यावेत. मूळ कागद घरीच परत जातील. वर्षाकाठी प्रत्येक घराने जमेल तेवढा चंदा द्यावा आणि त्यातून एका तरी विद्यार्थ्याला फारसी व मोडी शिकण्यासाठी शिष्यवृत्ती मिळावी. एवढे काम आपण करून दाखविले, तर सरकारी अनुदानासाठी अर्ज करताना आपला हात रिकामा राहणार नाही. आधी आपला वाटा, मग सरकारचा, हाच क्रम वरील संस्थांनी घालून दिला आहे.

ज्या विद्यार्थ्याने तो प्रश्न विचारला, तो आता दहावीत आहे. त्याला माझे उत्तर असे आहे: बाळ, संशोधकाला पैसे सरकार देते, दाता देतो आणि सारा भरणारा तुझा आजोबाही देत आला आहे. त्याचे गिऱ्हाईक म्हणशील, तर ते बहुधा अजून जन्माला यावयाचे असते. म्हणून तर त्याचा खर्च आज कोणीतरी उचलावा लागतो.