जुन्या शेवरोले ट्रकचा मागचा ॲक्सल आणि ब्रेक
१९४७ ते १९५४ या काळातील अमेरिकी शेवरोले ३१०० पिकअप ट्रकच्या मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर ४.११ असे, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी शाफ्ट ४.११ वेळा फिरतो. तेथे ३.४२ गुणोत्तराचा ॲक्सल बसवल्यास त्याच वेगाला इंजिनाचे फेरे सुमारे १७ टक्क्यांनी घटतात. मात्र मूळ शाफ्ट बंद नळीत असतो आणि चाकांचा रेटा तीच नळी पुढे पोहोचवते. त्यामुळे उघडा शाफ्ट आणि बहुधा गिअरबॉक्सही नवा लागतो.

ताशी ७० ऐवजी १०० किमी वेगाला ब्रेकवरचा भार जवळपास दुप्पट होतो. मूळ ब्रेकचे तेल एकाच मार्गाने जाते. एक नळी फुटली तरी चारही चाकांचे ब्रेक निकामी होतात. म्हणून पुढे डिस्क ब्रेक आणि दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर आधी, ॲक्सल नंतर.