जळीत रुग्णाचं आतडं आणि दह्यातले जंतू

जळीत वॉर्डाच्या बाहेर बसलेले नातेवाईक डॉक्टरांना एक प्रश्न हमखास विचारतात, "दही चालेल का?" हल्ली दह्याच्या जागी प्रोबायोटिकची पुडी आली आहे, पण प्रश्न तोच. भाजली आहे कातडी, मग माणसं पोटाबद्दल का विचारतात? आम्हाला हा प्रश्न भाबडा वाटत नाही. वैद्यकशास्त्राला तो नीट विचारायला शंभराहून जास्त वर्षं लागली, आणि त्याचं उत्तर अजून पुरतं मिळालेलं नाही.

सुरुवात लंडनपासून करू. थॉमस कर्लिंग या शल्यचिकित्सकानं १८४२ साली एक निबंध लिहिला. मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या काही रुग्णांच्या लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात त्याला खोल व्रण सापडले होते. त्या व्रणांना आजही 'कर्लिंगचा व्रण' म्हणतात. म्हणजे बघा, जखम छातीवर, हातावर, आणि भोक पडतं पोटात! हे दिसलं होतं, पण त्याचा अर्थ लागायला फार काळ गेला.

मधल्या काळात सगळं लक्ष कातडीवर आणि पाण्यावर होतं. ते बरोबरच होतं म्हणा, कारण माणसं पहिल्या दोन दिवसांतच दगावत होती. १९२१ साली अमेरिकेत न्यू हेवनच्या रिआल्टो थिएटरला आग लागली. तिथल्या रुग्णांवरून फ्रँक अंडरहिल यांनी दाखवलं की भाजलेल्या शरीरातून पाणी, क्षार आणि प्रथिनं झिरपून जातात. नोव्हेंबर १९४२ मध्ये बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्ह नाइटक्लबच्या आगीत ४९२ माणसं गेली, आणि तिथल्या उपचारांतून सलाईनचा हिशेब आणखी पक्का होत गेला. १९६८ मध्ये पार्कलंड सूत्र आलं. वजनाच्या दर किलोला, भाजलेल्या दर टक्क्याला ४ मिलिलिटर, आणि त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. त्याच सुमारास सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलमही आलं.

आता रुग्ण पहिले दोन दिवस तरायला लागला. आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जंतुदोषानं जायला लागला. जखमेतून जंतू शिरतात, हे उघड होतं. पण काही रुग्णांच्या रक्तात जे जंतू सापडत, ते एरवी आतड्यात राहणारे असत. जखम तर बऱ्यापैकी स्वच्छ. मग हे आले कुठून?

याचं उत्तर शोधताना दोन वेगळ्या वाटा एकत्र आल्या. त्यातली पहिली थोडी मागे, पॅरिसला जाते.

पाश्चर संस्थेत इल्या मेच्निकॉव काम करत होते. जंतूंना गिळणाऱ्या पेशींच्या शोधासाठी त्यांना १९०८ चं नोबेल मिळालं, पॉल एर्लिख यांच्याबरोबर. त्यांचं मत असं की मोठं आतडं म्हणजे विषाचं कोठार. तिथे अन्न कुजतं आणि त्या विषानं माणूस लवकर म्हातारा होतो. लंडनमध्ये आर्बथनॉट लेन नावाचे सर्जन तर अशा समजुतीपायी लोकांची मोठी आतडी कापून काढत होते! मेच्निकॉव यांनी मात्र दुसरा मार्ग सुचवला, तो म्हणजे आंबवलेलं दूध. बल्गेरियातल्या दह्यातला जंतू १९०५ साली स्टामेन ग्रिगोरोव यांनी ओळखला होता. तो पोटात गेला की कुजवणाऱ्या जंतूंना आवरेल, असं मेच्निकॉव यांनी १९०७ च्या पुस्तकात मांडलं. आतडं शत्रू आहे, ही त्यांची धारणा आज टिकत नाही. पण एका जंतूनं दुसऱ्याला रोखायचं, ही कल्पना टिकली. जपानमध्ये शिरोता यांनी १९३५ साली ती बाटलीत भरून विकायला आणली, आणि आज ती आपल्याकडच्या दुकानांतही दिसते.

दुसरी वाट प्रयोगशाळेतली. १९७९ मध्ये रॉडनी बर्ग आणि सहकाऱ्यानं उंदरांमध्ये दाखवलं की आतड्यातले जिवंत जंतू भिंत ओलांडून शेजारच्या लसिका ग्रंथींपर्यंत पोहोचू शकतात. याला त्यांनी 'स्थलांतर' असा शब्द वापरला. पुढे १९८४ पासून एडविन डाइच आणि बर्ग यांनी हाच प्रश्न भाजलेल्या प्राण्यांवर तपासला.

यामागची यंत्रणा जरा सावकाश समजून घेऊ, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. मोठं भाजलं की शरीर रक्त वाचवतं. हृदयाला आणि मेंदूला आधी, आतड्याला शेवटी. आतड्याचं अस्तर एका पेशीइतकंच जाड, आणि दर चार-पाच दिवसांनी नवं होणारं. त्याला रक्त कमी पडलं की ते लगेच झिजतं, फटी पडतात. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा मोठा भाग याच भिंतीत वस्तीला असतो, आणि भाजल्यावर त्याही ढिल्या पडतात. त्यात जोरदार अँटिबायोटिक चालू, म्हणजे आतड्यातले निरुपद्रवी जंतू मरतात आणि दांडगे उरतात. पहारेकरी झोपलेला, भिंत खचलेली आणि गावात गुंडच शिल्लक.

आणि या सगळ्यावर कडी म्हणजे आपण रुग्णाला उपाशी ठेवत होतो. पोट हलत नाही, उलटी होईल, म्हणून तोंडानं काही नाही, सगळं शिरेतून. १९८४ मध्ये सिनसिनाटीला मोचिझुकी, अलेक्झांडर वगैरेंनी भाजलेल्या गिनिपिगना दोन गटांत वाटलं. एकाला भाजल्यावर काही तासांतच पोटात अन्न दिलं, दुसऱ्याला तीन दिवसांनी. लवकर जेवलेल्यांचं अस्तर शाबूत राहिलं आणि शरीराची ती भाजल्यानंतरची भडकलेली जळणक्रियाही आटोक्यात राहिली. अस्तराच्या पेशी बरंचसं पोषण आतड्यातून जाणाऱ्या अन्नातूनच घेतात, म्हणून असं होतं. १९८९ मध्ये हर्नडन यांच्या गटानं तर दाखवलं की गंभीर भाजलेल्यांना शिरेतून जादा पोषण दिलं, तर मृत्यू वाढतात. आज बहुतेक जळीत केंद्रांत पहिल्याच दिवशी नाकातून नळी घालून अन्न सुरू करतात. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा विजय हाच, पण त्याची जाहिरात कोणी करत नाही, कारण त्यात विकण्यासारखं फारसं काही नाही.

मग साहजिकच पुढचा विचार आला. अन्न देतोच आहोत, तर त्याबरोबर चांगले जंतूही देऊ. प्राण्यांवरचे निकाल उत्साह वाढवणारे होते.

आणि मग २००८ साल आलं. नेदरलँड्समध्ये तीव्र स्वादुपिंडदाहाच्या २९८ रुग्णांवर चाचणी झाली. भाजणं नव्हे, पण अडचण तीच, आतड्यातून जंतू निसटण्याची. निम्म्यांना नळीतून सहा प्रकारचे जंतू दिले. जंतुदोष कमी झालाच नाही. मृत्यू मात्र प्रोबायोटिक गटात १६ टक्के, दुसऱ्या गटात ६ टक्के. नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठाच तुटला. दुसऱ्या गटात असा एकही नाही. ज्या आतड्याला आधीच रक्त पुरत नाही, तिथे अब्जावधी जिवंत जंतू सोडणं म्हणजे दुष्काळात पाहुणे बोलावणं, असं काहींनी स्पष्टीकरण दिलं. ते खरं की नाही यावर वाद आहेत, पण आकडे आकडेच राहिले.

भाजलेल्यांवरचं काम त्यानंतर जपूनच चाललं. सिनसिनाटीत मोजक्या मुलांना लॅक्टोबॅसिलस जीजी देऊन पाहिलं, ते सुरक्षित वाटलं. फायदा सिद्ध व्हायला संख्या पुरेशी नव्हती. २०१५ मध्ये शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठात दिसलं की भाजल्यावर माणसाच्याही आतड्यात त्रासदायक जंतूंचं कुटुंब माजतं. म्हणजे निदान बरोबर आहे. औषधाचं काय? २०२१ मध्ये आयसीयूतल्या, व्हेंटिलेटरवरच्या २,६५० रुग्णांवरच्या चाचणीत हाच जीजी जंतू दिला. न्यूमोनियाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखं, २१.९ आणि २१.३ टक्के. उलट प्रोबायोटिक घेणाऱ्या काही रुग्णांच्या रक्तात किंवा शरीराच्या इतर निर्जंतुक जागी तोच जंतू सापडला.

दुसरीकडे ओडिशातलं उदाहरण आहे. तिथे ४,५५६ नवजात बाळांना लॅक्टोबॅसिलस प्लांटॅरम दिल्यावर सेप्सिस आणि मृत्यू मिळून ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. २०१७ साली हे प्रसिद्ध झालं. ती निरोगी, दूध पिणारी बाळं होती. भाजलेल्या रुग्णाला तो आकडा लावता येत नाही, आणि लावणारे भेटतात.

तर नातेवाईकांना काय सांगायचं? थोडं भाजलेलं, जेवणखाण नीट चालू असलेलं माणूस घरचं दही खात असेल, तर खाऊ दे. मोठं भाजून आयसीयूत पडलेल्याच्या नळीत मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुडी टाकू नका. आणि विचारायचंच असेल तर आधी हे विचारा की अन्न कधी सुरू केलं आणि किती जातंय. आता तुमचे प्रश्न घेऊ.