परवाना मागणारा आणि दाखवणारा

वाशीमहून हिंगोलीकडे निघाले की पैनगंगा आडवी येते. आज ती ओलांडताना फक्त जिल्हा बदलतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र तिथे अंमल बदलत असे. अलीकडे इंग्रजांच्या ताब्यातले वऱ्हाड होते, पलीकडे निजामाचा मुलूख. ही सीमा मुळात हत्यारांच्या खर्चातून निर्माण झाली होती. हैदराबाद कंटिंजंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या फौजेची एक छावणी हिंगोलीला होती. या फौजेच्या खर्चापायी निजाम कर्जात बुडाला आणि १८५३ च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. १९०२ मध्ये तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडेच राहिला. वाशीम तेव्हा स्वतंत्र जिल्हा होता. १९०५ मध्ये तो मोडला, त्याचा मोठा भाग अकोल्याला जोडला गेला आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा जिल्हा झाला.

याच रस्त्यावर आज नाकाबंदी लागते. जीप थांबते. चालक कागदपत्रे काढतो. मागच्या सीटवर गवसणीत बंदूक आहे आणि तिचा रीतसर परवाना खिशात आहे. चालकाने ती गोष्ट आपणहून सांगायची, की विचारल्यावर? प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्यामागे दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने देश नि:शस्त्र करण्याचे धोरण धरले. व्हाइसरॉय लिटनच्या काळात झालेला १८७८ चा शस्त्र कायदा हे त्या धोरणाचे पक्के रूप. त्याच्या कलम १३ नुसार परवान्याशिवाय शस्त्र बाळगून फिरण्यास बंदी होती आणि तसे फिरणाऱ्याला पोलीस अधिकारी नि:शस्त्र करू शकत असे. कलम २७ ने सरकारला सूट देण्याचा अधिकार दिला आणि त्याखालच्या नियमांनी युरोपियनांना ती सूट मिळाली. म्हणजे रस्त्यावरचा गोरा शिकारी प्रश्नाच्या पलीकडे आणि त्याच रस्त्यावरचा देशी माणूस आधीच संशयित. परवाना हा कागद शस्त्राचा होता, पण त्यातून मोजला जात होता तो माणसावरचा विश्वास.

हा अपमान बोचत होता. १८८७ च्या मद्रास अधिवेशनात काँग्रेसने या कायद्याविरुद्ध आवाज उठवला. पहिल्या महायुद्धानंतर नियमांतला वंशभेद निघाला, पण परवान्याची अट राहिली. १९३१ च्या कराची ठरावात नागरिकांच्या मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही घातला गेला.

स्वातंत्र्यानंतर ही यादी घटनेत उतरवण्याची वेळ आली, तेव्हा तो हक्क मागणारा माणूस आपल्याच प्रांतातून उभा राहिला. हरि विष्णु कामत हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत त्यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क स्वातंत्र्याच्या कलमात घालावा अशी दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. प्रत्येकाला बाजारात जाऊन हवी ती हत्यारे विकत घेण्याची मोकळीक मिळाली तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांचा सवाल होता. आग्रह धरायचा तर तो शस्त्राच्या हक्काचा नव्हे, प्रसंगी देशासाठी शस्त्र उचलण्याच्या कर्तव्याचा धरावा, हा त्यांचा युक्तिवाद. दुरुस्ती फेटाळली गेली. त्यामुळे आपल्याकडे बंदूक हा मूलभूत हक्क झाला नाही. ती कायद्याने दिलेली परवानगीच राहिली.

१९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. त्याचे कलम १९ बारकाईने वाचण्यासारखे आहे. शस्त्र बाळगणाऱ्याकडे कोणताही पोलीस अधिकारी परवाना मागू शकतो. तो दाखवला नाही, तर अधिकारी नाव-पत्ता विचारू शकतो आणि गरज वाटल्यास शस्त्र ताब्यात घेऊ शकतो. नाव-पत्ता नाकारला, खोटा असल्याचा संशय आला किंवा माणूस पळून जाईल असे वाटले, तरच या कलमाखाली वॉरंटशिवाय अटक. १८७८ च्या कलम १३ मध्ये पोलिसाचा हात थेट शस्त्राकडे जात होता. १९५९ मध्ये आधी प्रश्न आला, मग शस्त्र, मग माणूस. वसाहतीच्या कायद्यापासून प्रजासत्ताकाच्या कायद्यापर्यंतचे अंतर या क्रमात दिसते.

याच कायद्याच्या कलम १३ मध्ये शेतकरीही आहे. पिकाच्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागणाऱ्याची तिथे खास दखल घेतली आहे. ज्यांच्या तुरीत आणि सोयाबीनमध्ये रोही आणि रानडुकरे शिरतात, त्या वाशीमच्या शेतकऱ्यांना या तरतुदीचे मोल सांगायला नको. मात्र बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली त्याची परवानगी वेगळी असते. निवडणूक आली की हीच बंदूक अनेकदा पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. शेतातून ठाण्यात आणि ठाण्यातून घरी अशा या प्रवासातच नाकाबंदी गाठते.

आता मूळ प्रश्न. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० नुसार गणवेशातील पोलिसाने मागितल्यास चालकाने वाहन चालवण्याचा परवाना दाखवायचा असतो. शस्त्र कायद्याच्या कलम १९ चीही सुरुवात मागणीनेच होते. २०१६ च्या शस्त्र नियमांनी बंदूक सार्वजनिक जागी नीट आवरणात नेण्याचे बंधन घातले आहे. पण विचारण्याआधी सांगावे, असे ही कलमे म्हणत नाहीत. अमेरिकेत काही राज्यांत आपणहून सांगणे सक्तीचे आहे, तर काहींत विचारल्यावरच. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात रस्त्यावर थांबवलेल्या एका कृष्णवर्णीय चालकाने आपल्याजवळ बंदूक असल्याचे शांतपणे सांगितले. तिचा परवाना त्याच्याकडे होता. काही क्षणांत तो पोलिसाच्या गोळीने मेला. पुढच्या वर्षी ज्यूरीने त्या पोलिसाला निर्दोष ठरवले. सांगण्याने जीव वाचतोच असे नाही. ऐकणाऱ्याच्या मनात सांगणाऱ्याबद्दल आधीपासून काय आहे, यावर ते ठरते. १८७८ च्या नियमांनी हेच मनातले कागदावर उतरवले होते.

म्हणून कायदा गप्प असला तरी शहाणपण बोलण्यात आहे. हात स्टिअरिंगवर ठेवावेत, गवसणीकडे नेऊ नयेत आणि आधी बोलावे: ‘साहेब, गाडीत बंदूक आहे, परवान्याची आहे. कागद खिशात आहे, काढू का?’ पोलिसाने अंधारात, अनोळखी गाडीच्या खिडकीशी उभे राहून ते ऐकायचे असते. त्याचीही भीती खरी असते. पण कलम १९ ने त्याला आधी प्रश्न दिला आहे, शस्त्र नंतर. पैनगंगेच्या पुलाशी उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाने न विचारता सांगावे आणि दुसऱ्याने त्या क्रमाचे भान ठेवावे. परवान्याच्या कागदाने दीडशे वर्षे जो विश्वास मोजला, तो त्या रात्री तरी दोघांकडून समान मोजला जाईल.