चारशे चार गावांची मोजदाद

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लढाया, तह आणि राज्यारोहणे उभी राहतात. आज ज्या इतिहासाविषयी मी बोलणार आहे, त्यात तलवार कोठेच नाही. त्यात आहेत तीन ओळी : अमक्याचा बाप्तिस्मा झाला, अमक्याचे लग्न झाले, अमक्याला पुरले. इंग्लंडातील बहुतेक खेडुतांनी मागे ठेवलेले चरित्र एवढेच.

१५३८ साली आठव्या हेन्रीचा मंत्री टॉमस क्रॉम्वेल याने पॅरिशांतील, म्हणजे चर्चच्या हद्दीतील गावांतील, धर्मोपदेशकांना आज्ञा केली की, आठवड्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने दर रविवारी वहीत लिहावीत आणि ती वही कुलूपबंद पेटीत ठेवावी. लोकांना वाटले, हा नव्या कराचाच डाव आहे. कर काही बसला नाही. वह्या मात्र राहिल्या. पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस त्या चर्मपत्रावर उतरवून ठेवण्याचा हुकूम झाला, म्हणून पुष्कळ वह्या आज हाती लागतात.

इंग्लंडात पहिली खानेसुमारी झाली ती १८०१ साली. त्यापूर्वी देशात माणसे किती होती, ती केव्हा वाढली आणि का वाढली? १९६४ साली केंब्रिज येथे पीटर लॅस्लेट व टोनी रिग्ली यांनी या प्रश्नासाठी एक अभ्यासगट स्थापन केला. उत्तर वह्यांत होते. पण पॅरिशे सुमारे दहा हजार! एवढ्या वह्या चाळायला विद्यापीठाने माणसे आणावीत कोठून?

ती माणसे गावांनीच दिली. स्थानिक इतिहासाची हौस असलेले लोक, कोणी मंडळातून, कोणी एकटेच, पुढे आले. केंब्रिजहून छापील तक्ते यायचे. जुने वळणदार अक्षर लावीत, महिन्यामागून महिना बाप्तिस्मे किती, विवाह किती, दफने किती, हे मोजून तक्ते भरायचे. काम कंटाळवाणे आणि मोबदला नाही. अशा रीतीने ४०४ पॅरिशांचे आकडे जमले. त्यांच्या आधारावर रिग्ली व रॉजर स्कोफील्ड यांनी १५४१ ते १८७१ या काळातील इंग्लंडच्या लोकसंख्येचा इतिहास १९८१ साली प्रसिद्ध केला. गावे हौशी लोकांनी निवडलेली, तेव्हा ती सगळ्या देशाचे हुबेहूब प्रतिबिंब नव्हेत, हे ओळखून त्यांना आकड्यांत दुरुस्त्याही कराव्या लागल्या.

या मोजदादीने काय साधले? अठराव्या शतकात इंग्लंडची वस्ती वाढली ती मुख्यतः मृत्यू घटल्यामुळे, असे पुष्कळांचे मत होते. आकडे सांगू लागले की, मोठा वाटा जन्म वाढल्याचा होता, आणि जन्म वाढले कारण लोक लवकर व अधिक प्रमाणात लग्ने करू लागले. शेक्सपिअरची ज्यूलिएट चौदा वर्षांचीही नाही. पण तिच्या काळातील खेड्यातली सामान्य इंग्रज मुलगी पंचविशीच्या आसपास लग्न करीत असे. डेव्हन परगण्यातील कोलिटन गावी १६४५-४६ च्या प्लेगात वस्तीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गेला. त्यानंतर तेथे वधूचे सरासरी वय तिशीला टेकले, असे रिग्लींनी एकेक कुटुंब जुळवून दाखविले. कोणत्याही बखरीत न सापडणारी ही गोष्ट तीन ओळींतून बाहेर आली.

आपल्याकडे असे गावोगावचे जन्ममृत्यूचे दप्तर जुन्या काळी नव्हते, हे खरे. पण नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे आहेत, आणि जुन्या घरांच्या माळ्यांवर मोडी कागदांची रुमाले आहेत. त्या कागदांना वाळवी लागते, आणि मोडी वाचणारा मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे. केंब्रिजच्या पंडितांनाही गावकऱ्यांवाचून एक पाऊल पुढे टाकता आले नाही. तेव्हा सुट्टीत गावी जाल त्या वेळी माळ्यावर एकदा चढून पाहा, एवढीच माझी विनंती आहे. कागद वाचता आला नाही तरी चालेल. तो आधी राहिला पाहिजे.